वाटेवरचा माणूस

"तिच्या मालकाचं काही लिहू नको, बेटा. बाकी काय लिहायचं ते लिही."

कौतिक आबा हे म्हणाले तेव्हा मयुरी एका हाताने भूमिकेला वरणभात भरवत होती आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर टाइप करत होती. आबा तिचे आजेसासरे. वय ऐंशीच्या पुढे, पण सुपारी अजून स्वतःच्या हाताने कातरणारे. त्यांनी हे अडकित्त्यावरची नजर न काढता, एकदाच सांगितलं. मयुरी म्हणाली, "हो आबा." असं 'हो आबा' ती दिवसातून वीस वेळा म्हणायची. पंखा बंद कर, हो आबा. पोरीला उन्हात नेऊ नको, हो आबा. त्या विसांत हे एकविसावं मिसळून गेलं.

विषय होता धुरपदाआक्काचा. जळगावजवळच्या असोद्यात मयुरीच्या घरापासून तिसरं दार आक्काचं. एक खोली, पुढे ओटा, ओट्याखाली तुळस. आक्काचा नवरा झुलाल बावीस वर्षांपूर्वी सुरतेला मागावर कामाला गेला. पहिली दोन वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात त्याचा फोन यायचा, मग तो बंद झाला. आक्काने कुंकू लावणं बंद केलं नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की आरशाच्या तुकड्यात बघून रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. गावातही कोणी तिला कधी काही विचारलं नाही.

आणि गावाला ती लागायचीच. कुणाच्याही घरी मूल झालं की पाचव्या दिवशी, सटवाई बाळाच्या कपाळावर लिहायला येते त्या दिवशी, बाळंतिणीच्या खाटेजवळच्या भिंतीवर आक्का चित्र काढायची. एका वाटीत भिजवलेला गेरू, एका वाटीत तांदळाचं पीठ कालवलेलं, आणि केळीच्या खोडाच्या सोपटाचे दोरे बांधून केलेला कुंचला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या सांगण्यावरून पाच बोटं ओढली, पुढे बोटांची बाई झाली, बाईचं घर झालं, घराभोवती केळीचा मळा उभा राहिला. मधोमध मांडी घालून बसलेली सटवाई, तिच्या हातात बोरू. एक नियम मात्र होता, गावाचा: हे चित्र सवाष्णीनेच काढायचं.

भूमिका झाली तेव्हा आक्का मयुरीच्याही खोलीत आली होती. मयुरीचं माहेर धुळ्याकडचं, सोनगीरचं. तिकडे असं चित्र तिने पाहिलं नव्हतं. पडल्या पडल्या ती आक्काचा हात बघत राहिली. सगळं काढून झाल्यावर आक्काने भिंतीच्या अगदी कडेला एक माणूस काढला. डोक्यावर गाठोडं, पाय उचललेला, तोंड घराकडे.

"हा कोण, आक्का?"

"वाटेवरचा माणूस," आक्का म्हणाली आणि वाट्या उचलून निघून गेली.

मयुरीने फोटो काढून ठेवला. तीन वर्षांनी तोच फोटो तिने ललितला पाठवला. ललित तिच्या कॉलेजच्या वर्गातला. जळगावात एका जुन्या जिनिंगच्या गोदामात त्याने चार मित्रांना घेऊन गावाचं कलादालन सुरू केलं होतं. फी नाही, तिकीट नाही, कुणीही यावं. यंदा त्याला कुठेच न शिकलेल्या लोककलावंतांचं प्रदर्शन भरवायचं होतं. सोनगीरचा एक म्हातारा तांबट होता, भांड्यांच्या कातरणीतून मोर घडवणारा. आणखी पाचसहा जण होते. आक्काचा फोटो बघून ललितचा फोनच आला. "मयुरी, या बाई कुठे होत्या इतकी वर्षं?"

"इथेच. तिसऱ्या दारात."

आक्का आधी नाही म्हणाली, मग मयुरीसाठी हो म्हणाली. प्लायवुडच्या मोठ्या फळीवर शेणमाती थापून तिने भिंतच तयार केली आणि आठ दिवस त्यावर चित्र काढलं. बाळंतिणीवाचून चित्र काढायची तिची ही पहिलीच वेळ. "इथी बाळंतीन कुठी आहे व?" ती सारखी विचारायची आणि हसायची.

प्रत्येक कलावंताचा परिचय चार ओळींत लिहून द्यायचा होता. ते काम मयुरीने घेतलं. ललितने एवढंच सांगितलं होतं, "तो कडेचा माणूस कोण ते नक्की लिही. लोक तेच विचारणार." म्हणून ती आबांकडे गेली आणि सरळ विचारलं. आबांनी थोडा वेळ सुपारी कातरली, मग सांगितलं. गावातला मगन तेव्हा सुरतेला होता. झुलाल तापाने गेला, तिकडेच त्याला अग्नी दिला, असं तो वीस वर्षांपूर्वी याच ओट्यावर सांगून गेला. आबा त्याला म्हणाले होते, "सांगितलं ते सांगितलं. आता पुन्हा नको." मगन पुढे नाशिकला गेला तो तिकडचाच झाला. पण एका ओट्यावरचं दुसऱ्या ओट्यावर गेल्याशिवाय राहत नाही. हळूहळू सगळ्या गावाला कळलं, आणि गावाने ते गिळून टाकलं. कुणी बोललं नाही. बोललं नाही म्हणून आक्काचं कुंकू राहिलं, आणि कुंकू राहिलं म्हणून तिला दर पाचवीला बोलावणं राहिलं.

यानंतरच आबा म्हणाले होते, तिच्या मालकाचं काही लिहू नको.

मयुरीला ते पटलं नाही असं नाही, पण तिच्या मनात एक ओळ तयार झाली होती आणि ती ओळ तिला फार आवडली होती. प्रदर्शन जळगावात, ते बघायला असोद्यातून कोण जाणार? आणि आजकाल हे सगळं मानतं कोण? तिने लिहिलं:

'असोद्याच्या धुरपदाबाई कुठेही चित्रकला शिकलेल्या नाहीत. बाळाच्या पाचवीला त्या भिंत रंगवतात. त्यांच्या प्रत्येक चित्रात एक माणूस घराकडे चालत येतो. तो म्हणजे सुरतेत वारलेला त्यांचा नवरा, ज्याला त्या वीस वर्षं घरी आणत आहेत.'

ललितने उत्तरात हात जोडल्याचे तीन इमोजी पाठवले.

प्रदर्शनाच्या दिवशी तेजस, मयुरीचा नवरा, आक्काला आणि फळीला केळीच्या टेम्पोतून जळगावला घेऊन गेला. आक्काने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. फळीवर वरून दिवा सोडला होता आणि त्या उजेडात केळीची पानं हलल्यासारखी वाटत होती. कॉलेजच्या पोरी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेत होत्या. आक्का प्रत्येकीला विचारायची, "तुहं लगन झालं का?" आणि झालं नसेल तर म्हणायची, "होईल, होईल. मी येईन बरं पाचवीले." पोरी लाजून हसायच्या. मयुरीला तेव्हा पाचवा महिना चालू होता. आक्काने तिच्या पोटाकडे बोट दाखवून एकीला सांगितलं, "माही पुढची भिंत ही आहे."

मग आक्काचं लक्ष फळीखालच्या कार्डाकडे गेलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिहेल आहे व माय माह्याबद्दल?"

मयुरीने वाचायला सुरुवात केली. असोद्याच्या धुरपदाबाई कुठेही चित्रकला शिकलेल्या नाहीत. बाळाच्या पाचवीला त्या भिंत रंगवतात. त्यांच्या प्रत्येक चित्रात एक माणूस घराकडे चालत येतो. तिथे तिचा आवाज थांबला. "बस, एवढंच आक्का," ती म्हणाली.

आक्का कार्डाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली. "चांगलं लिहेल आहे," म्हणाली.

त्या क्षणी कार्ड काढून पर्समध्ये टाकायला हवं होतं. मयुरीला ते सुचलंसुद्धा. पण तेवढ्यात कुणीतरी तिला फोटोत उभं राहायला बोलावलं, भूमिकेला शू लागली, आणि एक वार्ताहर कार्डाचा फोटो काढून गेलाही होता.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. आक्काचा फोटो, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'मृत पतीला वीस वर्षं घरी आणणाऱ्या धुरपदाबाई'. दुपारपर्यंत ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. लोकांनी फुलं टाकली, टाळ्या टाकल्या, 'असोद्याची शान' लिहिलं. फोटोतल्या कुंकवाबद्दल आणि वरच्या अक्षरांबद्दल कुणी एक शब्द लिहिला नाही. न बोलण्याची सवय गावाला होतीच.

मयुरीच्या आईचा सोनगीरहून फोन आला. कुणीतरी तिलाही बातमी पाठवली होती. "काय करी बठनी व माय तू! जे बठ्ठा गावनी झाकी ठेयेल व्हतं ते तू उघडं करी दिधं. आते त्या बाईनी काय करानं?"

"आई, तिथे कोणी काही बोलत नाहीये."

"तेच तर वाईट शे."

मयुरीने ललितला सांगून कार्ड बदलून घेतलं. मग वर्तमानपत्रात फोन लावला. वार्ताहर भला माणूस होता. "चूक असेल तर दुरुस्ती छापू ना ताई. काय छापायचं सांगा. ते हयात आहेत का?"

मयुरीने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"ताई? हयात आहेत असं छापू?"

"नाही. म्हणजे... माहीत नाही असं छापता येईल का?"

"माहीत नाही ही काय बातमी झाली, ताई?"

तिने फोन ठेवला. खोटं असतं तर पुसता आलं असतं. ते खरं होतं, तीच अडचण होती.

पंधरा दिवसांनी मागच्या गल्लीतल्या डिंपलला मुलगा झाला. पाचव्या दिवशी दुपारपासूनच आक्काने ओट्यावर गेरू भिजत घातला, पीठ कालवलं, कुंचल्याचे दोरे ओले करून सरळ केले. मयुरी खिडकीतून बघत होती. उन्हं उतरली तरी कुणी बोलवायला आलं नाही. शेवटी तिला राहवेना, ती स्वतःच डिंपलकडे गेली. डिंपलच्या सासूने तिला चहा दिला, बस म्हणाली, पोटाला जप म्हणाली. चित्राचं विचारल्यावर पदर सावरत म्हणाली, "मी काय करू सांग मयुरी? मले काय आक्काबद्दल वाईट वाटत नाही? इतके दिवस ठाऊक नव्हतं असं म्हणता येत होतं. आता पेपरात लिहून आलं. उद्या पोराले काही झालं तर सारे म्हणतील, ठाऊक असून बोलावली."

मयुरी परत येऊन आक्काच्या ओट्यावर बसली. आक्का वाटीतला गेरू बोटाने उगाच ढवळत होती.

"आक्का, माझं चुकलं."

"चार रांगा होत्या," आक्का म्हणाली.

"काय?"

"त्या कागदावर. वाचता येत नाही, पण दिसतं तर ना मले. चार रांगा होत्या, तू तीनच वाचल्या." तिने वाटी खाली ठेवली. "मले काय ठाऊक नव्हतं? मगन्या आला होता ना, तो दोन दिवस माह्या दाराकडे पाहेना. तेव्हाच समजलं मले. पण कोणी म्हटलं नव्हतं व पोरी. म्हटलं नव्हतं तोवर तो वाटेवर होता."

मयुरी रडायला लागली. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जणू चूक आक्काचीच होती. "रडू नको. पोटातल्याले लागतं."

"माझ्या पाचवीला तुम्हीच यायचं. कुणी काही म्हणो. मी शब्द देते."

"पोटुशी बाईनं शब्द नको देऊ. पहिले मोकळी हो, मंग बोल."

पण मयुरीने शब्द दिला. घरी येऊन सासूला, सुनंदाबाईंना, सांगितलं. सुनंदाबाई "बरं" म्हणाल्या. तेजस म्हणाला, "बेस्ट, एकदम बरोबर." त्या रात्री तिला शांत झोप लागली. आपल्या हातात अजून एक भिंत आहे, एक घर पुढे झालं की बाकीची मागून येतील, असं ती मनात मांडत गेली. पुढचे अडीच महिने ती याच आधारावर राहिली. आक्का दिसली की लांबूनच पोटाला हात लावून खूण करायची. आक्का मान हलवायची. त्या काळात गावात आणखी दोन पाचव्या झाल्या. कुंकवाची बोटं ओढून भागवल्या.

मयुरी महिनाभर आधीच बाळंत झाली. मुलगा. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. जळगावच्या दवाखान्यात कावीळ उतरावी म्हणून चार दिवस त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. मयुरी काचेला कपाळ टेकवून त्याचे श्वास मोजायची. एक श्वास उशिरा आला की तिचा स्वतःचा थांबायचा. पाचव्या दिवशी सकाळी घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, पण लक्ष ठेवा. त्यातलं 'पण' तेवढं ती घरी घेऊन आली.

दुपारी बाळ दूध ओढेना. दोन घोट घेऊन झोपायचं. पायाला टिचकी मारून उठवलं की किरकिरायचं, पुन्हा झोपायचं. तळवे अजून पिवळे वाटत होते, की उजेडच तसा होता, तिला ठरवता येत नव्हतं. खाटेवरून खिडकीतून तिसरं दार दिसत होतं. आक्का ओट्यावर बसली होती. हिरवं लुगडं, प्रदर्शनाला नेसलेलं. मांडीवर दोन वाट्या, कुंचला.

तिन्हीसांजेच्या आधी सुनंदाबाई आत आल्या. हातात पाट, दिवा, कोरा कागद, पेन. सटवाईला लिहायला लागतं ते सगळं. त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. भिंत सारवून कोरी करून ठेवलेली होती.

"आक्काला हाक मारू का?" त्या म्हणाल्या. "तू शब्द दिलाय. तू म्हणशील तसं. मी तुझ्यावर सोडते."

त्या नको म्हणाल्या असत्या तर मयुरी भांडली असती. तिने भांडण पाठ करून ठेवलं होतं. मुद्दे होते, आवाज होता, एम.ए. होतं. पण समोर भांडायला कुणीच नव्हतं. मांडीवर बाळ होतं आणि त्याचा एक श्वास उशिरा येत होता. कोण मानतं हे, तिने स्वतःला विचारलं. कुणीच नाही. पण आज रात्री काही झालं तर?

"मयुरी? सांज होतेय."

ती बाळाच्या छातीकडे बघत राहिली. वर. खाली. वर. तिने तोंड उघडलं नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सुनंदाबाईंनी थोडा वेळ वाट बघितली, मग कुंकवात बोट बुडवलं आणि भिंतीवर पाच रेघा ओढल्या.

दिवा लागल्यावर मयुरीने खिडकीकडे पाहिलं. आक्का उठली होती. ती ओट्यावरून उतरून तुळशीपाशी वाकली, आधी एक वाटी रिकामी केली, मग दुसरी. तिने या खिडकीकडे पाहिलं की नाही, ते अंधुक उजेडात कळलं नाही. मयुरीने पडदा ओढला. वारं लागू नये म्हणून, असं तिने सुनंदाबाईंना सांगितलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी आक्काच्या दाराला कुलूप होतं. सावद्याहून तिचा भाचा मोटारसायकल घेऊन आला आणि तिला घेऊन गेला, असं आबांनी सांगितलं. मयुरी तेव्हा बाळाला उन्हं दाखवायला दारात बसली होती. आबा अडकित्ता मिटवत म्हणाले, "मी तुले म्हटलं होतं." एवढंच. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

बाळ आता पाच महिन्यांचं झालं. बाळसं धरलंय, कुशीवर वळतं. मयुरी त्याच्याकडे बघते आणि कधीकधी तिला वाटतं की ते तिच्याकडे तसंच बघतंय, मोजत. भिंतीवरच्या पाच रेघा फिक्या झाल्या. प्रदर्शन संपल्यावर फळी परत आली ती कपाटाला टेकून उभी आहे. तिच्यातला माणूस अजून पाय उचलून तसाच आहे, घराच्या दारापासून चार बोटांवर. भूमिका रोज विचारते, "हा आत का नाही येत?"

मयुरीने सावद्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा भाच्याची बायको म्हणाली, "बऱ्या आहेत. झोपल्या आहेत." दिवसा, अकरा वाजता. आक्का दिवसा कधी झोपत नसे. चौथ्यांदा फोन लावायचा धीर झाला नाही. बसने गेलं तर तासा-दीड तासाची वाट आहे. मयुरी एकदा बाळाला घेऊन स्टँडपर्यंत गेलीही. मग कोणत्या तोंडाने जायचं, याचं उत्तर न मिळाल्याने ती बाळाच्या सर्दीचं निमित्त करून परत आली.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही केळीच्या कामाने, लग्नाकार्याने, कशानेही सावद्याला गेलात, तर केळीच्या वखारींच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे धुरपदाआक्का कुठे राहतात म्हणून विचारा. पाणी मागा, त्या नक्की देतील. जेवतात का, बघा. कपाळाकडे बघितलंत तर ते त्यांच्या लक्षात येऊ देऊ नका. आणि आतल्या भिंतीवर चित्र असेल, तर त्याच्या कडेला कुणी चालत येतंय का, तेवढं पाहून या. मयुरीने पाठवलं असं सांगू नका. फक्त पाहून या, आणि तिला कळवा.